मृदंगाच्या शाईमागचं गणित कळलं तर हात बिघडतो का?

शून्यमात्रा
नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या भजन मंडळात (कुडाळ तालुका) एकाच विषयावरून जुंपली आहे. पुतण्या बीएस्सी करतोय, फिजिक्स घेऊन. पखवाजही बरा वाजवतो. त्याने फोनवर सूर दाखवणारं अ‍ॅप घेतलंय आणि पखवाज त्यावर मिळवतो. बुवा भडकले. म्हणाले, ज्याचा कान मोबाईलला विचारून चालतो, तो डबलबारीत (दोन बुवांच्या भजनांचा सामना) समोरच्या बुवापुढे काय उभा राहणार! पुतण्या म्हणतो, मध्यावरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, चामड्याचे सूर कसे जुळतात हे समजलं तर वाजवणाऱ्याचा फायदाच आहे.

मी मध्ये अडकलोय, पण माझं मत बुवांकडे झुकतं. विज्ञान कलेचा खुलासा करतं खरं, पण मागाहून. ज्याने पहिली शाई भरली त्याला कुठली समीकरणं येत होती? आणि ज्याला समीकरणं येतात तो एक पखवाज मढवून दाखवेल का?

तर प्रश्न असा: कलेतलं विज्ञान कळल्याने कलाकाराचं काही भलं होतं, की आपल्यासारख्यांना नुसता बोलायला विषय मिळतो? अनुभव लिहा. 'दोन्ही महत्त्वाचं' असलं गुळमुळीत उत्तर नको.

तिरफळ
दोन्ही महत्त्वाचं. (पळतोय)

गजालीकर
अ‍ॅपाक चाय नी भजी दिवची लागणत नाय, ह्यो एक फायदो आसा. बुवांका सांगू नको, मी बोललंय म्हणान.

सडेकर
रत्नागिरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझा पक्ष ठरलेलाच आहे. तरी आधी शाईचं सांगतो, कारण पुतण्याचा मुद्दा त्यावर उभा आहे.

कुठलाही साधा, सगळीकडे सारख्या जाडीचा ताणलेला गोल पडदा घ्या. त्यावर थाप मारली की तो एकाच वेळी बऱ्याच प्रकारांनी थरथरतो. सगळ्यात खालच्या कंपनाला १ मानलं तर वरची कंपनं येतात १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशी. या आकड्यांचं आपसात काही जमत नाही, म्हणून कानाला त्यांतून एक सूर बांधता येत नाही. ढोल धडाडतो, पण 'सा' देत नाही. पखवाजाच्या किंवा तबल्याच्या मध्यावर शाईचं वजन आलं की हीच कंपनं सरकून १, २, ३, ४, ५ च्या आसपास येतात. तारेवर मिळतात तशी. मग कान म्हणतो, हा सूर आहे.

हे मोजून दाखवलं सी. व्ही. रामन यांनी. शिवकाली कुमार यांच्यासोबतचं त्यांचं टिपण १९२० साली 'नेचर'मध्ये आलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लेख. पडद्यावर बारीक वाळू भुरभुरवायची, विशिष्ट ठोका द्यायचा, जिथे पडदा हलत नाही तिथे वाळू गोळा होते आणि रेषा उमटतात. नोबेल १९३० चं, प्रकाशाच्या कामासाठी. पण त्याच्या आधीपासून हा माणूस तबला-मृदंगाच्या मागे होता, व्हायोलिनच्याही.

आणि शून्यमात्रा, तुमचं 'मागाहून' बरोबर आहे. रामन यांच्या लेखनाचा रोखही तोच आहे की ज्यांनी हे वाद्य घडवलं त्यांची ध्वनीची जाण फार पुढची होती. मागाहून आलं म्हणजे निरुपयोगी, एवढंच मला पटत नाही.

तिरफळ
सर, वर्गात हे असं शिकवलं असतंत तर आम्ही बारावीला गटांगळ्या खाल्ल्या नसत्या.

सडेकर
वर्गात असंच शिकवतो. पोरं विचारतात, "सर, सीईटीला येतं का?"

गट्टा_हातोडी
सहसा नुसता वाचतो इथे, पण हा विषय घरचा निघाला. आमच्याकडे आजोबांपासून तबला-पखवाज मढवायचं काम.

शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ. एकदाच थापून मोकळं होता येत नाही. बोटाने पातळ थर द्यायचा, किंचित आंबट-ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायला घ्यायचं. घोटताना शाईला केसासारख्या भेगा पडतात. पडल्याच पाहिजेत. मग वर पुढचा थर, आधीच्यापेक्षा लहान गोल. असे थरावर थर, मध्यात जाड आणि कडेला पातळ. दगड फिरवताना हाताखालचा आवाज बदलत जातो, आधी ओला घसघस, मग कोरडा किरकिर. किरकिर लागली की थांबायचं. जास्त घोटलं तर टवका उडतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

आता शून्यमात्रा यांच्या प्रश्नाचं. सरांचं वाचून माझ्या हातात उद्या काही फरक पडणार नाही. पण मुलगा शेजारी बसतो, तो विचारतो भेगा कशाला, फुटल्यासारखं दिसतं. माझे वडील म्हणायचे, "असंच असतं." मीही तेच सांगत आलोय. सर, भेगांचं काही कारण आहे का तुमच्या शास्त्रात?

सडेकर
आहे, आणि चांगलं आहे. शाई अखंड राहिली तर ती मध्यावर चिकटवलेली कडक टिकली होईल. ती वाकणारच नाही, आणि तिच्याखालचं चामडंही वाकणार नाही. भेगांमुळे शाईचे बारीक बारीक तुकडे सुटे राहतात. वजन तर मिळतं, पण चामड्याचा लवचिकपणा जात नाही. कंपनं १-२-३ च्या ओळीत यायला या दोन्ही गोष्टी लागतात. मुलाला बिनधास्त सांगा.

गट्टा_हातोडी
धन्यवाद सर. हे त्याला आजच सांगतो. 'असंच असतं'वर हल्लीची मुलं टिकत नाहीत.

अनुस्वार
धागा छान चाललाय, पण मी विरुद्ध बाजूने. गाणं शिकते. एकदा एका कार्यशाळेत आमचा आवाज संगणकावर रंगीत पट्ट्यांत काढून दाखवला. गंधार कुठे हलतो, मींड कशी वळते, सगळं पडद्यावर. त्यानंतर बराच काळ गाताना माझं लक्ष सुरात कमी आणि डोक्यातल्या त्या पट्टीत जास्त. गुरुजींनी ओळखलं. म्हणाले, "काय बघतेयस?" डोळे मिटलेले होते हो माझे.

ऐकणाऱ्याला स्पष्टीकरण पचतं. करणाऱ्याला, निदान करत असताना, ते पायात येतं. बुवा चिडतात ते अडाणीपणाने नाही.

शून्यमात्रा
@अनुस्वार, अगदी हेच बुवांना म्हणायचं असणार, फक्त त्यांच्या तोंडी शिव्या जास्त होत्या.

पेट्रोमॅक्स
नाव बघून कळलं असेल, दशावताराचं वेड. सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यात जत्रांच्या दिवसांत जागरण ठरलेलं. माझा मुद्दा उजेडाचा आहे.

जुन्या नाटकांत गॅसबत्ती असायची. तिची जाळी म्हणजे मॅन्टल, थोरियम ऑक्साइडची, त्यात चिमूटभर सीरियम. रॉकेलच्या ज्योतीने ती तापून पांढरी उजळते. त्या उजेडात कलाकार स्वतःचं तोंड स्वतः रंगवायचे. सफेता, पिवडी, कुंकू, काजळ. कोणाला किती लाल लावायचा हे त्या उजेडावर ठरलेलं होतं, कोणी कुठे लिहिलेलं नाही.

मग हॅलोजन आले, आता स्वस्तातले पांढरे एलईडी. ओळखीतल्या एका दशावतार कंपनीत स्त्रीपार्टी करणारे कलाकार आहेत, उत्तम. एलईडी लावले त्या हंगामात त्यांचं तोंड मेलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. रंग तोच, हात तोच. ते वैतागले, रंग भेसळीचा आला म्हणून दुकानदाराशी भांडले. शेवटी मंडळातला एक इलेक्ट्रिशियन पोरगा म्हणाला, काका, या दिव्यात लालच नाही, तर गालावर दिसणार कुठून? स्वस्त एलईडीत गडद लाल फार कमी असतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा असतो, तो ९० च्या वर बघून दिवे आणले. दोनच, तोंडासमोर. बाकी आहेत तेच.

हा कलाकार अजूनही तरंगलांबी वगैरे काही जाणत नाही, त्याला गरजही नाही. पण भांडण दुकानदाराशी नव्हतं, दिव्याशी होतं, एवढं कळायला कुणाला तरी विज्ञान यावं लागलं. @अनुस्वार, तुमचं पटतं, नाचताना पाय मोजू नयेत. पण पाय दुखायला लागला तर कुठे दुखतोय ते बघावं लागतं ना.

अनुस्वार
हे उदाहरण जबरी आहे. मान्य करत नाहीये, पण जबरी आहे.

देवगडचो_हापूस
एवढे लोक विज्ञानावर बोलतायत आणि आमच्या विजयदुर्गाचं नाव नाही? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण. हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला. ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे ओटे आजही आहेत, जाऊन बघा.

पुरावा_द्या
ग्रहण खरं, तारीख खरी, ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला हेही खरं. पण हेलियमचं श्रेय ज्या दोघांना देतात त्यांतला जान्सेन होता आंध्रात, गुंटूरला. आणि दुसरा, लॉकियर, त्या दिवशी हिंदुस्थानातच नव्हता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा सोडियमची नाही, नव्याच मूलद्रव्याची असावी, हे त्यापुढचं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ ला, रॅम्सेला.

देवगडचो_हापूस
मग ओटे काय आमच्या आज्याने बांधले? पर्यटक येतात, पोरांना शास्त्राची गोडी लागते, त्यात तुमच्या पोटात का दुखतं?

पुरावा_द्या
ओट्यांवर कुणी दुर्बीण लावली असेलही. लॉकियरने नाही लावली, एवढंच. पोरांना गोडी खोट्यावर कशाला लावायची? खरी गोष्ट काय कमी रंगतदार आहे का? दोन माणसं, दोन खंड, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली.

सडेकर
भांडण चालू द्या, पण एक मुद्द्याचं. १८६८ ला ग्रहणाचे फोटो काढता येत होते, तरी सूर्याभोवतीचं तेजोवलय आणि ज्वाळा बऱ्याच जणांनी हाताने रेखाटून ठेवल्या. काही मिनिटं अंधार, त्यात बघायचं आणि काढायचं. निरीक्षकाला चित्रकला येणं हा शास्त्राचाच भाग होता. इथे कला मागाहून नाही आली, आधी आली.

गजालीकर
हापूसवाल्यानू, पेटी किती रुपयाक पडतली ता सांगा, हेलियम ऱ्हवांदे.

कातळफूल
सडेकर सरांनी रेखाटनाचं काढलं म्हणून लिहिते. मी राजापूर बाजूच्या सड्यांवर (कातळाच्या माळांवर) कातळशिल्पांची चित्रं काढत फिरते. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, पण तो वेगळा धागा.

कशेळीचा हत्ती माहीत असेल. साधारण १८ मीटर बाय १३ मीटर. जांभ्याच्या सपाट सड्यावर कोरलेला, आणि त्याच्या पोटात मासे, पाखरं, जनावरं. जमिनीवर उभं राहून हा हत्ती दिसत नाही. पायाखाली नुसत्या खाचा दिसतात. आपण ड्रोन उडवतो तेव्हा कळतं, अरे हत्ती! कोरणाऱ्याकडे उंचावरून बघायची सोय नव्हती. तरी पाठीची रेघ एका दमात गेल्यासारखी जाते. मी ती कागदावर उतरवायला गेले तर आधी दोऱ्या आणि खुंट्या लावून चौकटी पाडाव्या लागल्या. त्याने काय लावलं होतं कोण जाणे, पण काहीतरी मापाचं डोक्यात असल्याशिवाय हे होत नाही. मग तो कलाकार की भूमितीवाला? मला हा प्रश्नच तिथे उभं राहिल्यावर सुचत नाही, घरी आल्यावर सुचतो.

वय ठरवायचं तर अडचण वेगळी. दगडातली खाच म्हणजे नुसती पोकळी, कार्बन डेटिंगला लागणारं सेंद्रिय काही त्यात नाही. मग तिथे एकशिंगी गेंडा कोरलाय, आज कोकणात गेंडा नाही, म्हणजे हवामान कधी तसं होतं, अशा वाटेने जावं लागतं. म्हणजे चित्र हाच पुरावा. कोरणारा नीट बघणारा होता म्हणून आज शास्त्राला काही सांगता येतंय.

तिरफळ
आणि देवाचे गोठणेच्या कातळशिल्पापाशी होकायंत्र फिरतं ते? आमच्या ग्रुपवर आलं होतं, दैवी ऊर्जा म्हणून.

कातळफूल
होकायंत्राचा काटा तिथे हलतो, मी स्वतः पाहिलंय. ऊर्जा वगैरे मला जाणवली नाही, ऊन मात्र जाणवलं.

सडेकर
जांभ्यात लोह भरपूर असतं. वीज पडून खडकात चुंबकत्व राहून जातं हेही जगभर नोंदलेलं आहे. उघड्या सड्यावर पावसाच्या तोंडावर विजा काय कमी पडतात? दैवीच्या आधी हे तपासावं.

वाशिष्ठी
अवांतर आहे, माफ करा, पण इथे जाणकार दिसतायत. मुलगी दहावी झाली. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही 'ए' ग्रेड. गणितही चांगलं. नातेवाईक म्हणतात सायन्स घे, मार्क वाया घालवू नकोस. ती म्हणते आर्ट्स. चिपळूणला दोन्ही आहे. काय करावं?

पुरावा_द्या
तिला काय आवडतं ते करू द्या.

कातळफूल
@वाशिष्ठी, एक व्यवहाराचं. तिला आर्किटेक्चरचा विचार कधी करावासा वाटणार असेल तर बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्ही लागतं. फाइन आर्टला कुठल्याही शाखेतून जाता येतं. ठाम आर्ट्स असेल तर प्रश्नच नाही. डळमळीत असेल तर गणित-फिजिक्स सोडू नका, इतकंच. नातेवाईकांना चहा द्या आणि रवाना करा.

अनुस्वार
नातेवाईकांना दामोदर कोसंबींचं नाव सांगा. जन्म १९०७, गोव्याचे. पेशाने गणिती. अनुवंशशास्त्रात त्यांचं १९४४ चं सूत्र आजही 'कोसंबी' नावानेच वापरतात. याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९४८ ला. जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत तोलून, वजनं किती झिजली याच्या आकडेमोडीवरून त्यांचा काळ लावायचा प्रयत्न केला. संस्कृत सुभाषितं आणि संख्याशास्त्र, एकाच टेबलावर. त्यांना कोणी विचारलं नसणार, तुम्ही सायन्स की आर्ट्स.

तिरफळ
म्हणजे आता तुम्ही पक्ष बदललात?

अनुस्वार
अजिबात नाही. कोसंबी सुभाषितांची चिकित्सा करत होते, सुभाषितं रचत नव्हते.

तांडेल
माझा शास्त्राशी संबंध नाही, मासेमारी करतो. पण आमच्याकडे भरतीचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून. ही कला म्हणायची की विज्ञान?

सडेकर
वा! पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५. तोंडी हिशेबाला झकास. पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाचा फरक पडेल, बंदराबंदराप्रमाणेही थोडा पडतो.

तांडेल
शेवटच्या तिथींना आम्ही अंमळ थांबूनच निघतो, सर. ते गुणाकारात नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

गजालीकर
सर, दांडी गुल. :)

शून्यमात्रा
मंडळी, धागा मृदंगावरून निघाला आणि पार समुद्रात गेला. मुद्द्यावर येतो, कारण काल आमच्याकडे पुन्हा खटका उडाला. पुतण्याने अ‍ॅपवर काटेकोर मिळवलेला पखवाज पेटीबरोबर धरला तर बेसूर. बुवांनी हातोडी घेतली, गट्ट्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) चार ठोके, लागला सुरात. पुतण्या फोन दाखवत राहिला, "इथे बरोबर दाखवतंय!" बुवा विजयी मुद्रेने पान लावायला बसले. सर, अ‍ॅप खोटं की पेटी?

सडेकर
दोन्ही खरी असू शकतात. अ‍ॅप सहसा 'ए' या पाश्चात्त्य सुराला सेकंदाला ४४० कंपनं धरून चालतं. तुमची पेटी किती जुनी आहे? पितळी पट्ट्या घासून मिळवलेल्या असतात, त्या ४४० वर बसतीलच असं नाही. पट्टी (सुराची उंची) म्हणायला काळी दोन, पण अ‍ॅपच्या काळी दोनपेक्षा वर-खाली. वाजवायचं पेटीबरोबर, तर पेटीलाच मिळवायला हवं. पावसाळी हवेत चामडं सैलावतं, पेटीच्या पितळी पट्टीला तेवढा फरक पडत नाही. म्हणजे सरकतो पखवाज, आणि धरून ठेवते पेटी.

दुसरं म्हणजे ठोका. उघडा ठोका दिला तर खालचं कंपन जोरात येतं. बोट हलकं टेकवून मारला तर तेच दबतं आणि वरची कंपनं पुढे येतात. अ‍ॅपला ज्या ठोक्याला जो जोरात ऐकू येईल तो सूर ते दाखवतं. पुतण्याला म्हणावं, आधी पेटीचा 'सा' अ‍ॅपवर बघ आणि मग तेच लक्ष्य धर. अ‍ॅपचा उपयोग होईल.

गट्टा_हातोडी
आणि एक माझ्याकडून. हातोडीचे चार ठोके म्हणालात. चारही बाजूंना सारखे दिले का? एका घरात (कडेच्या एका भागात) चढलेला आणि समोरच्यात उतरलेला असेल तर मधल्या थापेला कळत नाही, कडेला कळतं. बुवांना कळलं असणार. फोनला नाही कळत.

शून्यमात्रा
पेटी आजोबांच्या काळातली. पुतण्याला दाखवलं हे सगळं. तो आता पेटीची एकेक पट्टी दाबून वहीत आकडे लिहितोय आणि बुवा विचारतायत, पेटी बिघडवणार नाही ना? माझं मत अजून बुवांकडेच आहे, पण त्या वहीत काय निघतं याची उत्सुकता बुवांनाच जास्त दिसतेय.

अनुस्वार
वहीतले आकडे इथे टाका. मला गंधार बघायचाय.

तिरफळ
तुम्हीच ना मघाशी पट्टी नको म्हणत होतात?

अनुस्वार
गाताना नको. आत्ता मी चहा पितेय.

वाशिष्ठी
@कातळफूल, आभार. आर्ट्स घेतलं, गणित ठेवून. कॉलेजात तो विषय मिळतो म्हणाले.

शून्यमात्रा
@गट्टा_हातोडी, आमच्या दुसऱ्या पखवाजाच्या शाईचा टवका गेलाय, चवलीएवढा. गणपतीआधी भरून मिळेल का? तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते व्यनि (खासगी निरोप) करा, पुतण्याला पाठवतो. घोटताना बघायचंय म्हणतो, बसू द्याल ना?